आवड, सवय आणि मत

एखाद्या वस्तूविषयीं मत देणें ही क्रिया आपल्या हातून दिवसांतून इतक्या वेळां घडते कीं, तिच्यांत कांहीं नैतिक प्रश्न गुंतलेला असेल अशी शंकाहि सहसा कोणाच्या मनाला शिवत नाहीं. आमटी अळणी झाली, व्याख्यान कंटाळवाणें होतें, नवी मालिका टाकाऊ आहे, असें आपण म्हणतों आणि पुढच्या कामाला लागतों. अभिरुचीविषयीं वाद घालूं नये, या अर्थाच्या एका जुन्या लॅटिन वचनाचा आधार घेऊन आपण या बाबतींत स्वतःला सर्व जबाबदारींतून मोकळें करून घेतलें आहे. परंतु केवळ करमणुकीविषयींचें मतहि न्याय्य किंवा अन्याय्य असूं शकेल काय, हा प्रश्न २०२५ च्या उन्हाळ्यांत एका अगदीं क्षुल्लक निमित्तानें माझ्यापुढें आला, आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाहीं असें माझ्या ध्यानांत आलें.

त्या उन्हाळ्यांत मी अमेरिकेंत न्यू जर्सी येथें माझ्या वडील बंधूंकडे सुमारें दोन महिने राहिलों होतों. माझी वहिनी आदल्या वर्षीं वारली. दादा एकटे पडले होते. त्यांना सोबत व्हावी एवढाच माझ्या जाण्याचा हेतु होता. तिकडे उन्हाळ्याचे दिवस लांब, रस्ते निर्मनुष्य, आणि रात्रीं जेवणानंतर करण्यासारखें काम एकच, तें म्हणजे दूरचित्रवाणीपुढें बसणें. दादांचा मुलगा शनिवारीं-रविवारीं मुक्कामाला येई. असे आम्ही तिघे प्रेक्षक.

अमेरिकेंतील दूरचित्रवाणीचें वर्ष परंपरेनें सप्टेंबरांत सुरू होऊन मे महिन्यांत संपत असे. उन्हाळ्यांत लोक सुट्टीवर व घराबाहेर. प्रेक्षक कमी म्हणून जाहिरातींचें उत्पन्नहि कमी. त्यामुळें मोठ्या वाहिन्या त्या तीन महिन्यांत झालेल्याच भागांची उजळणी करीत, किंवा ज्यांच्यावर त्यांचा स्वतःचाच पुरता विश्वास नाहीं अशा नव्या मालिका तेवढ्यापुरत्या दाखवून पाहत. पुढें ही स्थिति पालटली. ३१ मे २००० रोजीं सीबीएस वाहिनीवर 'सर्व्हायव्हर' सुरू झाला आणि २३ ऑगस्टला त्याचा शेवटचा भाग पांच कोटींहून अधिक लोकांनीं पाहिला. तेव्हांपासून उन्हाळा ही पडीक जमीन राहिली नाहीं. आतां तर इंटरनेटवरून बाराहि महिने मालिका येत असतात. तरीहि उन्हाळा तोंडावर आला कीं तेथील वृत्तपत्रांतून परत येणाऱ्या मालिकांची एक आणि नव्या मालिकांची दुसरी अशा याद्या प्रसिद्ध होतात, आणि प्रत्येक घरांत निकाल लागूं लागतात.

दादा केवळ परत येणारेंच पाहत. त्यांचा मुख्य कार्यक्रम म्हणजे २००६ सालीं एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली व पुढें दर उन्हाळ्यांत येत राहिलेली 'अमेरिकाज् गॉट टॅलेंट' ही गुणदर्शनाची स्पर्धा. गवई, जादूगार, कसरती करणारे, कुत्र्यांचे खेळ करणारे, असे नाना प्रकारचे लोक तींत येऊन आपली कला दाखवितात. परीक्षकांच्या हाताशीं एकेक तांबडें बटण असतें. सर्वांनीं तें दाबलें कीं कलावंतानें जेथल्या तेथें थांबावयाचें. दादा आणि वहिनी हा कार्यक्रम वर्षानुवर्षें एकत्र पाहत असत. पुतण्या परत येणाऱ्या मालिकांना शिळें अन्न म्हणे आणि नव्यांच्या मागें असे. मात्र त्याची मर्यादा दहा मिनिटांची. अकराव्या मिनिटाला "काका, यांत कांहीं दम नाहीं," असें म्हणून तो दुसरी मालिका लावी. एका संध्याकाळीं त्यानें अशा चार मालिका निकालांत काढल्या. आणि मी? मी स्वतःला या दोघांहून समतोल समजत होतों. तीस वर्षें वर्गांत साहित्यसमीक्षा शिकविलेल्या माणसाला तसें समजण्याचा मोह होणारच.

तो भ्रम लवकरच दूर झाला. शिकागोमधील एका खानावळीच्या स्वयंपाकघरावर रचलेली 'द बेअर' ही मालिका जून २०२२ मध्यें सुरू झाली, आणि जून २०२५ मध्यें तिचें चौथें पर्व आलें. पहिलें पर्व मला फार आवडलें होतें. चौथ्यांत कांहीं प्रसंग रेंगाळले, तेव्हां मी मनांत म्हणालों कीं, लेखकांना येथें कांहीं खोल सुचवावयाचें असेल. त्याच आठवड्यांत एका नव्या मालिकेंत एक प्रसंग तसाच रेंगाळला. तेव्हां मीं 'लेखकाला आटोपतें घेतां येत नाहीं' असा शेरा मारला. दोष तोच. एकाला मीं सबब शोधून दिली आणि दुसऱ्याला नियम लावला. न्यायाधीशानें असें केलें असतें तर आपण त्याला काय म्हणालों असतों?

नव्यावर होणारा अन्याय उघड आहे. ५ जुलै १९८९ रोजीं 'द साइनफेल्ड क्रॉनिकल्स' या नांवानें एका विनोदी मालिकेचा एकच भाग एनबीसीनें दाखविला. तत्पूर्वीं कांहीं निवडक प्रेक्षकांना तो दाखवून त्यांचा अभिप्राय घेतला होता, आणि तो प्रतिकूल होता. तरी पुढच्या वर्षीं उन्हाळ्याच्या तोंडीं आणखी चार भाग दाखविण्यांत आले. हीच मालिका नांव थोडें आंखडून नऊ पर्वें चालली, आणि १९९८ सालीं तिचा अखेरचा भाग सात कोटींहून अधिक लोकांनीं पाहिला. त्या पहिल्या प्रेक्षकांना मूर्ख म्हणण्याचें कारण नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें कदाचित् बरोबरच पाहिलें असेल. परंतु जें त्यांनीं पाहिलेंच नव्हतें त्याचाहि निकाल त्यांच्या अभिप्रायांत लागून गेला असता. दुसरें उदाहरण 'द वायर'चें. २ जून २००२ रोजीं एचबीओवर सुरू झालेली ही मालिका बाल्टिमोर शहराची कथा आहे. तिचा कर्ता डेव्हिड सायमन पूर्वीं तेथील वृत्तपत्राचा वार्ताहर होता. पांच पर्वें, साठ भाग. प्रत्येक पर्व शहराच्या एका नव्या अंगाकडे वळतें, कधीं गोदीकडे, कधीं शाळांकडे. पहिल्या भागांत पात्रांचीं नांवें ध्यानांत ठेवतांच प्रेक्षकाची पुरेवाट होते. आज तिची गणना श्रेष्ठ मालिकांत होते. पण माझ्या पुतण्याच्या दहा मिनिटांच्या कसोटीला ती खास उतरली नसती, आणि खरें सांगावयाचें तर मीहि ती पहिल्या खेपेस दुसऱ्या भागावरच सोडली होती.

डेव्हिड ह्यूमनें १७५७ सालच्या आपल्या अभिरुचीवरील निबंधांत हा मुद्दा मार्मिकपणें मांडला आहे. पहिल्या भेटींत मनाची जी धांदल उडते तींत कृतीचें खरें रूप दिसत नाहीं. म्हणून ती पुनःपुन्हां पाहिली पाहिजे, आणि पाहणारानें पूर्वग्रह दूर ठेवला पाहिजे, असें तो सांगतो. पण यासाठीं इतक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेंत पारिपार्श्वक सूत्रधाराला विचारतो कीं, भासासारखे नांवाजलेले कवि सोडून तुम्ही या आजच्या कवीचें नाटक कां करतां? तो आजचा कवि म्हणजे कालिदास. कविकुलगुरूलाहि एकदां नवखा म्हणून प्रेक्षकांपुढें उभें राहावें लागलें होतें, आणि त्याचें मागणें एवढेंच होतें कीं, माझी परीक्षा करा.

जुन्यावर होणारा अन्याय मात्र चटकन् दिसत नाहीं, कारण तो प्रेमाच्या वेषांत येतो. एक तर आपण जुन्याचे दोष झांकतों. आणि दुसरें, त्यानें बदलूं नये असा हट्ट धरतों. 'ट्विन पीक्स' ही मालिका १९९० मध्यें सुरू होऊन १९९१ च्या जूनमध्यें संपली. २०१७ च्या उन्हाळ्यांत ती अठरा भागांच्या रूपानें परत आली. सर्व भाग डेव्हिड लिंच यानेंच दिग्दर्शित केले होते. पंचवीस वर्षें थांबलेल्या प्रेक्षकांना त्यांचा तो तरतरीत, कॉफीवर प्रेम करणारा एफबीआय एजंट कूपर हवा होता. लिंचनें त्यांना दिला एक शून्यवत् माणूस, जो इतरांचे शब्द कसेबसे उच्चारतो. आणि जुना कूपर शुद्धीवर येतो तो सोळाव्या भागांत. पुष्कळ जण रागावले. मला वाटतें, त्यांच्या रागांत एक गोष्ट कबूल केलेली होती: त्यांना मालिका परत नको होती, तर ती पाहत असतांनाचे आपले दिवस परत हवे होते. तें कोणत्याहि कर्त्याला देतां येत नाहीं. आणि तें दिलें नाहीं म्हणून कृति वाईट, असें म्हणणें अन्यायाचें आहे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो दुर्बळ नाहीं. मालिका हा धंद्याचा माल आहे. तिला भावना नाहींत. तिला दहा मिनिटांत नाकारलें तर कोणाचें काय बिघडलें? शिवाय आयुष्य थोडें आहे. प्रत्येक नव्या मालिकेला साठ भाग कोण देणार? हें सर्व मला मान्य आहे. पाहणें सोडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि त्यासाठीं कारण देण्याचेंहि बंधन नाहीं. पण 'मला पुढें पाहावेंसें वाटलें नाहीं' हें एक विधान आहे, आणि 'ही वाईट आहे' हें दुसरें. पहिलें माझ्याविषयीं आहे, दुसरें वस्तूविषयीं. पहिल्याला दहा मिनिटें पुरतात. दुसऱ्याला पुरत नाहींत. त्याचप्रमाणें 'ही मला प्रिय आहे' आणि 'ही चांगली आहे' हींहि दोन वेगळीं विधानें होत. मालिकेचें कांहीं न बिघडो. या विधानांची गल्लत करण्याची संवय मात्र आपल्याला जडते, आणि मन मालिकांसाठीं एक व माणसांसाठीं दुसरें असें बाळगतां येत नाहीं.

हें मी अनुभवानें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मीं दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला 'माझें घर' या विषयावर निबंध लिहावयास सांगितलें होतें. दुसऱ्या महाविद्यालयांतून नुकत्याच आलेल्या एका विद्यार्थिनीच्या निबंधाचा प्रारंभ अगदींच बेताचा होता. वाक्यें अडखळत होतीं. मीं उरलेलीं पानें भराभर उलटलीं आणि गुण मांडले. त्याच गठ्ठ्यांत माझ्या एका हुशार म्हणून ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याचा निबंध होता. त्यालाहि पहिल्या पानावरच गुण मिळाले, मात्र नेहमींप्रमाणें भरघोस. दोन दिवसांनीं ती मुलगी माझ्या खोलींत आली. तिनें गुण वाढवून मागितले नाहींत. "सर, शेवटचीं दोन पानें आपण वाचलीं का?" एवढेंच विचारलें. मीं तीं वाचलीं नव्हतीं. तिच्या आजीची दृष्टि गेल्यापासून घरांतील एकहि वस्तु जागची हलवितां येत नाहीं, आणि त्यामुळें सारें घर कसें एका जुन्या दिवसांत थांबून राहिलें आहे, याचें वर्णन त्या पानांत होतें. त्या वर्षीं माझ्या हातीं आलेलें तें सर्वांत चांगलें लेखन होतें. मीं गुण बदलले. पण तिच्या प्रश्नाला 'नाहीं' असें उत्तर मात्र मीं तिला दिलें नाहीं. 'पुन्हां पाहतों' म्हणून वेळ मारून नेली. दादांच्या कार्यक्रमांतील तें तांबडें बटण पाहिलें कीं मला ती मुलगी आठवे.

जुलैच्या अखेरीस एका रात्रीं मीं दादांजवळ विषय काढला. वहिनीच्या आठवणीमुळें त्यांना त्या कार्यक्रमांतले दोष दिसेनासे झाले आहेत, अशी माझी समजूत होती. मी म्हणालों, "दादा, या स्पर्धेंत आतां नवें कांहीं राहिलें नाहीं. तेंच रडणें, त्याच टाळ्या."

दादांनीं पडद्यावरची नजर काढली नाहीं. ते म्हणाले, "अरे, तें काय मला कळत नाहीं? तुझी वहिनीच तीन वर्षांपूर्वीं म्हणाली होती, यांत आतां राम उरला नाहीं म्हणून. या वेळेला आम्ही इथें बसत होतों, म्हणून बसतों."

मी गप्प राहिलों. ज्या तीन गोष्टींची गल्लत मी करीत होतों, त्या या माणसानें कोणतेंहि पुस्तक न वाचतां वेगळ्या ठेवल्या होत्या. संवय संवयीच्या जागीं होती, प्रेम प्रेमाच्या जागीं होतें, आणि मत शाबूत होतें. आंधळ्या प्रेमाचा दोष मीं त्यांच्या माथीं मारला होता तोहि पहिल्या दहा मिनिटांवरून. सख्ख्या भावालासुद्धां मीं शेवटच्या पानापर्यंत वाचलें नव्हतें.

तेव्हां या प्रश्नाचें माझ्यापुरतें उत्तर असें आहे. करमणुकींत न्यायाचा संबंध येतो. पण तो आवडण्या-नावडण्यापाशीं येत नाहीं, निकाल देण्यापाशीं येतो. आवडावें काय हें कोणी कोणाला सांगूं नये. मात्र निकाल द्यावयाचा असेल तर नव्याला थोडा धीर दिला पाहिजे आणि जुन्याला थोडें खरें सांगितलें पाहिजे. आणि यांपैकीं एकहि करण्यास सवड किंवा मन नसेल, तर मौन बाळगण्यांत कमीपणा नाहीं.

माझ्या परतण्याच्या आधींच्या आठवड्यांत पुतण्यानें एक नवी मालिका लावली, आणि कांहींहि झालें तरी तिचें आठ भागांचें पर्व संपेपर्यंत बोलावयाचें नाहीं असें आम्हीं ठरविलें. दादाहि आमच्याबरोबर बसले. ती मालिका सामान्यच निघाली. आम्हीं तिघांनींहि तसें म्हटलें. फरक इतकाच कीं, या वेळीं कां तें प्रत्येकाला सांगतां आलें, आणि पांचव्या भागांतील एक प्रसंग चांगला होता हेंहि पुतण्यानेंच आधीं कबूल केलें.