रानाचे वाटेकरी

फणसाडचे रान आज उभे आहे, याचे बरेचसे श्रेय मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबाच्या बंदुकीला द्यावे लागते. संस्थानी काळात हे रान नवाबाच्या शिकारीसाठी राखलेले होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९८६ मध्ये इथे सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले, आणि शेकरू, भेकर, पिसोरी, बिबट्या यांना रायगड जिल्ह्यात एक हक्काचा आसरा राहिला. कोल्हापूर संस्थानच्या शिकारीच्या रानातून १९५८ मध्ये दाजीपूरचे गवा अभयारण्य निघाले, तेही याच वळणाने. वन्यजीवांवर माया असणाऱ्या माणसाला हे पचवणे जड जाते. मलाही जाते. पण ते टाळले तर रान राखणे म्हणजे नेमके काय, हे समजायचे राहून जाते.

नवाबाच्या रानाला धनी होता. सावज कोण मारणार आणि कधी मारणार हे एका ठिकाणी ठरत होते, आणि रान उजाड झाले तर नुकसान कोणाचे हेही ठाऊक होते. इंग्रजी अमलातल्या वनखात्याने तीच गोष्ट नियमांत बसवली. जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडले. एका ब्लॉकला ठरावीक मुदतीचा परवाना, त्यात कोणती जनावरे किती याची मर्यादा, विणीच्या हंगामात बंदी. १९१२च्या केंद्रीय कायद्यातही बंदीचे हंगाम होते, मुंबई राज्याच्या १९५१च्या कायद्यातही. ही शिस्त पुढे मोडली. जीप आल्या, सर्चलाइट आले, परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देणाऱ्या शिकार कंपन्या आल्या, आणि राखणीला उरला पायी फिरणारा गार्ड. १९७२च्या गणनेत देशात १,८२७ वाघ भरले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपवले. ते योग्यच झाले. सह्याद्रीची आपली राने इतकी तुटक आणि दाटीवाटीची आहेत की तिथे बंदुकीला पुन्हा जागा देता येणार नाही.

बंदूक गेली. तिच्याबरोबर मर्यादा, हंगाम आणि जबाबदार माणूस या तीन गोष्टीही गेल्या, आणि त्यांची उणीव आज पनवेलच्या उंबऱ्यावर दिसते.

कर्नाळा पनवेलपासून बारा किलोमीटरवर आहे. १९६८ मध्ये जाहीर झालेले हे राज्यातले पहिले पक्षी अभयारण्य. तेव्हा क्षेत्र ४.४८ चौरस किलोमीटर होते, २००३ मध्ये ते १२.११ झाले. मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातून जातो. जूनचा पाऊस सुरू झाला की इथे आणि आसपासच्या ओढ्यांवर तिबोटी खंड्या विणीला येतो. मुठीत मावेल एवढा पक्षी, जांभळा-केशरी, चोच तांबडीलाल. ओढ्याकाठच्या किंवा वाटेकडेच्या मातीच्या दरडीत तो आडवे बीळ खणतो आणि पिल्लांना खेकडे, सापसुरळ्या, कोळी, बेडूक भरवतो. चोचीत खेकडा धरून तो थेट बिळात शिरत नाही. समोरच्या काटकीवर बसतो, मान खालीवर करतो, आजूबाजूचा अदमास घेतो आणि मग आत झेपावतो. छायाचित्रकाराला हवा असतो तो हाच क्षण. म्हणून दरडीसमोर तिपाई मांडून माणसे बसतात, कोणी सोयीची काटकी रोवतो, कोणी आड येणारा पाला छाटतो. माणूस फार जवळ आला तर पक्षी खेकडा चोचीत घेऊन तसाच बसून राहतो. आत पिल्ले उपाशी असतात. उघडे पडलेले बीळ घोरपडीला, सापालाही दिसते.

ही माणसे दुष्ट नाहीत. त्यातल्या बहुतेकांचे पक्ष्यांवर खरे प्रेम आहे, आणि त्यांच्या छायाचित्रांमुळेच हा पक्षी जिल्ह्यात घरोघरी माहीत झाला. पण जुन्या शूटिंग ब्लॉकमध्ये विणीच्या हंगामात बंदी असे, आणि इथे हंगामच विणीचा आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना लागतो असे कायद्याचे २८ वे कलम सांगते. तरीही एका बिळासमोर एका दिवशी किती कॅमेरे, किती अंतरावर, किती वेळ, हे जागेवर उभे राहून सांगणारा कोणी लागतोच. अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या ओढ्यांवर तर सगळी भिस्त येणाऱ्याच्या सद्सद्विवेकावर.

तो सांगणारा कोण असावा? इथे नवाबाच्या व्यवस्थेतला मोठा दोष समोर येतो. हाका उठवायला गावातलेच लोक रानात शिरत, पण त्या रानात त्यांचा वाटा नव्हता. अभयारण्य झाले तेव्हा धनी बदलला, वाटा तेवढाच राहिला. पनवेल, कर्जत, खालापूरच्या कातकरीवाड्या आणि ठाकूरवाड्यांना खेकड्याचे बीळ, पक्ष्याची वीण, कुठल्या ओढ्याला कधी पाणी येते, हे सगळे तोंडपाठ असते. गलोल घेऊन फिरणारा कातकरी पोरगा आपल्या लेखी गुन्हेगार ठरतो, आणि त्याच्याच पायवाटेने जाऊन घरट्यासमोर दिवसभर बसणारा निसर्गप्रेमी. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक आहे. वाडीतली माणसे पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात, नेमकी खंड्याच्या विणीच्या दिवसांत, ती घरी असतात आणि हाताला काम कमी असते.

आफ्रिकेत आणि पाकिस्तानात शिकारीचे पट्टे भाड्याने देऊन रान राखण्याचे प्रयोग झाले. केनियाने मात्र १९७७ मध्ये शिकारच बंद केली. नामिबियाने १९९६च्या कायद्याने गावांच्या संघांना प्राण्यांवर आणि शिकारीच्या उत्पन्नावर हक्क दिला. पाकिस्तानात मारखोर या रानबोकडाच्या मोजक्या परवान्यांचा लिलाव होतो, एकेक परवाना लाख डॉलरच्या पुढे जातो आणि त्यातला ८० टक्के वाटा स्थानिकांना मिळतो. तिथे मारखोर वाढला. २०१५ मध्ये झिंबाब्वेत सेसिल नावाचा सिंह शिकारीत मारला गेला तेव्हा जगभर उसळलेला संताप मला पटतो. जनावर मारून जनावर वाचवण्याचा हिशेब मी स्वीकारू शकत नाही. त्या हिशेबाच्या वहीतले एक पान मात्र घेण्यासारखे आहे. जिवंत मारखोर दिसला की तिथल्या मेंढपाळाला तो आपला वाटतो. आपल्याकडे भाताच्या लोंब्या आणि पावट्या-वालाचे वेल तुडवून गेलेले रानडुक्कर दिसले की शेतकऱ्याला फक्त पंचनाम्याची फेरी आठवते. मग कुंपणात वीज सोडली जाते, आणि तिच्यात डुकराऐवजी भेकर सापडते, कधी शेजारचा माणूस.

वाटा दिला तर राखण होते, याची साक्ष जिल्ह्यातच आहे. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात गिधाडांची घरटी गावच्या झाडांवर आहेत. जनावरांच्या औषधातल्या डायक्लोफिनॅकने देशभरातली गिधाडे मेली, त्यावर २००६ मध्ये बंदी आली. चिरगावच्या लोकांनी झाडे राखली, मेलेली गुरे गिधाडांसाठी ठेवली, आणि निसर्गप्रेमी संस्था त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. जिल्ह्याबाहेर, ताडोब्याच्या बफरमध्ये गावांच्या समित्या पर्यटनातून कमावतात. ते वाघाच्या जोरावर होते, हे खरे. कर्नाळ्यात वाघ नाही, पण मुंबईपासून दीड तासावर विणीचा तिबोटी खंड्या आहे, आणि तो पाहायला माणसे पैसे मोजून येतात.

२००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले रान राखण्याचा हक्क दिला आहे. तो या ओढ्यांना लावता येईल. बिळापासूनचे अंतर, दिवसाला कॅमेऱ्यांची संख्या, सकाळचे ठरलेले तास वनखात्याने लिहून द्यावेत. प्रत्येक ओढ्यावर वाडीतला एक माणूस मजुरीवर असावा आणि परवान्याच्या पैशातला मोठा हिस्सा वाडीच्या खात्यात जमा व्हावा, वाडीला वाचता येईल अशा पावतीसह. आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत एखादा ओढा साफ बंद ठेवायचा असे वाडीने ठरवले, तर त्या निर्णयावर कोणा बड्या पाहुण्याच्या फोनने फेरविचार होऊ नये. जूनच्या आधी मे महिन्यात वाडीवर एक बैठक घेतली, तर यातले निम्मे काम याच पावसाळ्यात सुरू होऊ शकते.