मांडणीतला देव

भक्ताला मूर्तीची मांडणी दिसते का, आणि नाही दिसली तर त्याचे काही अडते का? प्रश्न कलेचा वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे. जे निर्गुण मानले ते डोळ्यांपुढे आणायचेच झाले, तर हात कुठे, पाय कुठे, कोण मोठा नि कोण लहान, हे ठरवावे लागते. आणि ते ठरवताना माणूस देवाविषयी काहीतरी ठाम बोलून बसतो. म्हणून पूजेच्या मूर्तीतली रचना मी सजावटीत धरत नाही. ते विधान आहे, फक्त दगडात केलेले.

2024 च्या जूनमध्ये सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांच्या समाधीपाशी पुरातत्त्व खात्याचे जतनाचे काम चालू असताना जमिनीतून शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. लांबी सुमारे 1.70 मीटर, उंची साधारण एक मीटर. विष्णू शेषावर पहुडलेला, लक्ष्मी पाय चेपते आहे, आणि शिल्पपटावर समुद्रमंथन. त्यातून वर आलेला अश्व नि ऐरावतही ओळखू येतो. आता शिल्पकाराची अडचण पाहा. उभा देव आपोआप भारदस्त दिसतो. निजलेला देव नुसता निजलेला दिसला, तर सगळेच फसले, कारण हा विश्वाचा आधार आहे आणि ही झोप साधी नव्हे. मंथनाच्या शेजारामुळे ती अडचण सुटते. एका नागाचे अंथरूण झाले आहे, दुसऱ्याचा दोर. एकीकडे देव-दानवांची खेचाखेच, दुसरीकडे तसूभरही न हलणारा देह. ज्याच्यामुळे सारे चालते तो स्वतः अचल आहे, हे पटवायला भाष्यकारांना पानेच्या पाने लागतात. इथे दोन प्रसंग एकत्र ठेवले आणि काम झाले.

याला कुणी म्हणेल, हा अर्थ तुम्ही आज लावता. घडवणाऱ्याने परंपरेने ठरलेले कोरले. आक्षेप बिनबुडाचा नाही. अ‍ॅलिस बोनर या स्विस विदुषीने वेरूळसारख्या लेण्यांतल्या शिल्पांवर वर्तुळे नि त्यांना छेदणाऱ्या रेषा आखून रचनेची तत्त्वे मांडली. तिचा ग्रंथ 1962 चा. वाचताना अधूनमधून शंका येतेच की इतक्या रेषा आखल्यावर कशातही काहीही सापडेल. पण क्रमाला अर्थ असतो याचा पुरावा रेषांपाशी नाही, नावांपाशी आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. त्यांचे क्रम चोवीस आणि संध्येतली नावेही चोवीस. खालच्या उजव्या हातापासून प्रदक्षिणेच्या दिशेने पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. शंख आणि गदेची अदलाबदल केली की त्रिविक्रम. देह तोच, आयुधे तीच. जागा बदलली आणि देवाचे नाव बदलले. याहून स्पष्ट कबुली शास्त्राने कोणती द्यायची?

मग सगळे शास्त्रानेच ठरवले तर शिल्पकाराने करायचे काय? ताल म्हणजे बारा अंगुळांचा चेहरा. उत्तम दशतालात मूर्ती 124 अंगुळांची. हे अंगुळ मूर्तीच्याच उंचीतून काढतात, म्हणून वीतभर देवाला जे प्रमाण तेच प्रचंड देवालाही. पण पाहणारा माणूस वाढत नाही. मेहकरचा शारंगधर बालाजी, 1888 मध्ये जमिनीतून निघालेला, सुमारे अकरा फुटांचा आहे. समोर उभे राहून मान किंचित वर केली की मुख नजरेत येते. नांदुऱ्याचा महामार्गालगतचा हनुमान 105 फुटांचा. तो लांबून येणाऱ्या गाडीतल्या माणसासाठी आहे, आणि तेवढ्यापुरता तो चोख आहे. पायथ्याशी गेले की प्रमाण कितीही अचूक असो, पाय अंगावर येतात आणि चेहरा आकाशात निघून जातो. दर्शन घेणारा कुठे उभा राहील, हे कोणतीही अंगुळे सांगत नाहीत. तिथे शिल्पकाराचीच नजर लागते.

सर्वांत जड आक्षेप शेवटी. वेशीवरच्या शेंदूर माखलेल्या मारुतीला कसली आली रचना? तरी त्याच्यापुढे नारळ फुटतोच. शुक्रनीती तर म्हणते की देवाची मूर्ती बेडौल असली तरी कल्याणच करते, आणि माणसाची सुबक असली तरी नाही. हे मला मान्य आहे. भक्तीला चांगल्या रचनेची अट नाही, आणि कुणी घालूही नये. पण त्या शेंदरी दगडालाही माणसे डोळे लावतात, तेही मधोमध, आणि त्याला गावाच्या तोंडाशीच बसवतात, कारण त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवायचे आहे. छिन्नी लागली नाही, तरी मांडणी झालीच. मेहकरला पितांबर नि हार चढले की शिल्पकाराने कोरलेले बरेचसे झाकले जाते. त्या वेळी भाविकाची नजर मुखावरून चरणांवर जाते आणि परत मुखाकडे येते. काय दिसू द्यायचे आणि काय झाकायचे, हे पुजारी रोज सकाळी नव्याने ठरवतो.