नाथ पै यांचं विधेयक

कुणकेश्वर, ता. देवगड

चि. बाय हीस,


‘घटना बदलावी का?’ या विषयावर कॉलेजात बोलायचं आहे, चार मुद्दे पाठवा, असं तू लिहिलंस. इथे देवळाजवळच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘घटना बदलूकच व्हयी’; दुसरा म्हणतो, ‘घटनेक हात लावूचो नाय’. कुठलं कलम, कुठला शब्द, हे कुणी विचारत नाही. मुद्दे तुला पुस्तकात मिळतील. मी एका विधेयकाची हकिकत लिहितो, कारण ते आपल्या खासदाराचं होतं.

बॅ. नाथ पै मूळचे वेंगुर्ल्याचे. आपला देवगड तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात आणि राजापूर लोकसभा मतदारसंघात होता. तिथून ते 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा निवडून गेले, तिन्ही वेळा विरोधी बाकांवर. त्यांच्या वक्तृत्वाच्या गोष्टी जुनी माणसं अजून सांगतात. विधेयकाचं नाव मात्र कुणी काढत नाही. भाषणं लक्षात राहतात, कलमं राहत नाहीत, त्याला इलाज नाही.

27 फेब्रुवारी 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. पंजाबातल्या या कुटुंबाची जमीन पाचशे एकरांवर होती आणि कमाल जमीनधारणेच्या कायद्याखाली तिच्यावर टाच आली होती. अकरा न्यायमूर्ती, सहा विरुद्ध पाच. निकाल असा की, संसदेला घटनादुरुस्ती करूनही मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. आधीच्या दुरुस्त्या राहू द्या, पुढे बंद. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांतच होता, हे ध्यानात ठेव.

यात कोकणाचा काय संबंध, असं तुला वाटेल. तुझ्याकडच्या घटनेच्या पुस्तकात नववं परिशिष्ट उघड. 1951 साली पहिल्या घटनादुरुस्तीने ते जोडलं, त्यातले कायदे कोर्टात आव्हान देऊन पाडता येऊ नयेत म्हणून. दुसऱ्याच क्रमांकावर मुंबई राज्याचा 1948 चा कुळकायदा आहे. तिथून थोडं खाली ये, खोती नष्ट करणारा कायदा दिसेल. याच खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. सातबाऱ्यावर कुळाचं नाव लागून पुढे त्याच्या मालकीची नोंद झाली, ती असल्या कायद्यांच्या बळावर. गोलकनाथने झालेलं काढून घेतलं नाही, पण पुढच्या सुधारणांची वाट अडवली. कोकणातल्या समाजवादी खासदाराला ते खुपलं नसतं तरच नवल.

एप्रिल 1967 मध्ये नाथ पैंनी लोकसभेत घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं: मूलभूत हक्कांसह घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला असावा. मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक ते अशासकीय विधेयक. अशा विधेयकांच्या वाट्याला येते शुक्रवारची दुपार, शेवटचे अडीच तास. स्वातंत्र्यापासून अशी अवघी 14 विधेयकं कायदा झाली आणि 1970 नंतर एकही नाही. त्यातून हे घटनादुरुस्तीचं. म्हणजे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश हवेत. तरीही ते संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर भरपूर वाद झाला. सरकार मान डोलावत होतं, पण पाऊल टाकत नव्हतं. 27 डिसेंबर 1970 ला लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झालं. तीन आठवड्यांनी, 18 जानेवारी 1971 ला, नाथ पै बेळगावात वारले. वय अवघं 48.

त्याच वर्षी मोठं बहुमत घेऊन आलेल्या सरकारने 24 वी घटनादुरुस्ती केली. नाथ पैंनी मागितलं होतं ते त्यात जवळजवळ जसंच्या तसं होतं.

आता पुढचं नीट वाच. आपल्या गाडीसाठी बागेचा गडगा पाडला की त्याच वाटेने दुसऱ्याची गुरंही आत शिरतात. आणीबाणीत पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारी 39 वी दुरुस्ती आली. 7 ऑगस्ट 1975 ला ती लोकसभेत संमत झाली, 8 ला राज्यसभेत, 10 ला राष्ट्रपतींची सही. 11 ला सर्वोच्च न्यायालयात त्याच निवडणुकीचं अपील सुनावणीला यायचं होतं! आणि त्या वेळी आपले खासदार कुठे होते? नाथ पैंच्या जागी निवडून आलेले मधु दंडवते पक्षांतरबंदी विधेयकाच्या संयुक्त समितीच्या कामाला बंगळूरला गेले होते, तिथेच त्यांना धरलं आणि तुरुंगात टाकलं.

मग नाथ पै चुकले का? माझ्या मते मागणी रास्त होती, पण तिला कडी नव्हती. ती कडी 24 एप्रिल 1973 ला केशवानंद भारती निकालाने बसवली. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा: घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करा, पण तिचा मूलभूत ढाचा मोडू नका. न्या. यशवंतराव चंद्रचूड तेव्हा अल्पमतात होते. पण नोव्हेंबर 1975 मध्ये 39 व्या दुरुस्तीतलं ते कलम रद्द करताना त्यांनी हेच तत्त्व वापरलं आणि 1980 च्या मिनर्व्हा मिल्स निकालात सरन्यायाधीश म्हणून ते आणखी घट्ट केलं. बहुमताचा निकाल मान्य करून पुढे चालणारी अशी माणसं मला मोठी वाटतात.

मोडलेलं पुष्कळसं संसदेनेच सावरलं, हेही सांग. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचं कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं आणि मंत्रिमंडळाच्या लेखी शिफारशीशिवाय आणीबाणी लावता येणार नाही असं केलं. दंडवते तेव्हा रेल्वेमंत्री म्हणून त्या मंत्रिमंडळात होते. ज्यावरून गोलकनाथचं सगळं महाभारत झालं तो मालमत्तेचा हक्कही त्याच दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला आणि 300अ कलमात साधा कायदेशीर हक्क होऊन बसला. आज महामार्गात कुणाची जमीन गेली तर वकील पहिल्यांदा तेच कलम काढतो.

‘घटनेक हात लावूचो नाय’वाल्यांना एवढंच विचार, की ग्रामसभेला घटनेत जागा कुणी दिली आणि गावोगावच्या बाया राखीव जागांवरून सरपंचाच्या खुर्चीत कशा बसल्या? 73 व्या दुरुस्तीने, जी लागू झाली 24 एप्रिल 1993 ला. तारीख पुन्हा तीच. योगायोग आहे, फार ताणू नकोस. आणि ‘बदलूकच व्हयी’वाल्यांना विचार, की तुमचं सरकार गेल्यावर हाच अधिकार ज्यांच्या हाती जाईल, त्यांनी तो कसा वापरलेला तुम्हाला चालेल?

लोकसभेतल्या जुन्या चर्चा आता संकेतस्थळावर वाचायला मिळतात. 1967 ते 1970 मधल्या या विधेयकावरच्या चर्चा शोध. नाथ पैंच्या विरोधात बोललेल्यांची भाषणं आधी वाच, मग त्यांची. सापडलं तर मोठ्या अक्षरांत छापून मलाही पाठव.

तुझे,
आबा