राजीनामा आणि निवाडा

एखाद्या सत्ताधारी माणसावर दुर्वर्तनाचा आरोप आला आणि त्याने पद सोडले, म्हणजे लोक दोन तऱ्हांनी बोलतात. काही म्हणतात, 'काळेबेरे होते म्हणूनच गेला. नाहीतर कशाला जातोय?' दुसरे म्हणतात, 'केवढा त्याग! खुर्ची का कोणाला सुटते?' पहिल्यांच्या लेखी राजीनामा म्हणजे कबुलीजबाब, दुसऱ्यांच्या लेखी तो संन्यास. आम्हांस विचाराल तर तो या दोहोंपैकी एकही नव्हे. हे ध्यानात न आल्यामुळे मोठा अन्याय होतो, आणि तो केवळ आरोपीवरच होतो असेही नाही.

महसुली कागदपत्रांतली 'राजीनामा-कबुलायत' ही जोडी आमच्या वयोवृद्ध वाचकांस ठाऊक असेल. जमीन सोडणाऱ्याने राजीनामा लिहून द्यावयाचा, घेणाऱ्याने कबुलायत. जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, एवढेच त्या कागदावरून कळे. बांध कोणी कोरला, याचा निवाडा काही त्यात नसे. त्यासाठी चार माणसे प्रत्यक्ष बांधावर न्यावी लागत. शब्द तोच आजही आपण वापरतो, पण बांधावर जायचे मात्र विसरतो.

या बाबतीत एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ते अमेरिकेतले आहे. मुद्दामच दूरचे घेतले. घरचे घेतले की पहिली चार वाक्ये संपण्याआधीच 'हा आपला, तो त्यांचा' सुरू होते, आणि मग विचार कसला व्हायचा!

मिनेसोटा राज्यातून अल फ्रँकेन नावाचे गृहस्थ सेनेटवर निवडून आले होते. मूळचे विनोदी लेखक व नट. 2008 सालची त्यांची निवडणूक इतकी अटीतटीची झाली की फेरमोजणी आणि कोर्टकचेरी होऊन अखेर 312 मतांनी ते विजयी ठरले, आणि 2009 च्या जुलैत त्यांचा शपथविधी झाला. 2014 साली ते पुन्हा निवडून आले. 16 नोव्हेंबर 2017 रोजी रेडिओवर काम करणाऱ्या एका बाईंनी जाहीर केले की, 2006 साली सैनिकांच्या करमणुकीसाठी काढलेल्या दौऱ्यात फ्रँकेन यांनी तालमीच्या निमित्ताने आपल्यावर चुंबनाची बळजबरी केली. सोबत एक छायाचित्रही होते. त्यात विमानात झोपलेल्या त्या बाईंच्या छातीवर हात धरल्याचा आविर्भाव करून हे महाशय कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहेत. पुढल्या तीन आठवड्यांत आणखी स्त्रिया पुढे आल्या. एकंदर आठ झाल्या. कोणाचे नाव प्रसिद्ध झाले, कोणाचे झाले नाही.

फ्रँकेन यांनी माफी मागितली आणि सेनेटच्या नीतिसमितीने आपली चौकशी करावी असे स्वतःच म्हटले. समितीने चौकशी हाती घेतलीही. परंतु 6 डिसेंबरला त्यांच्याच पक्षाच्या स्त्री-सदस्यांनी राजीनामा मागितला, आणि दिवस मावळेपर्यंत मागणाऱ्यांची संख्या तिसाच्या वर गेली. दुसऱ्याच दिवशी ते सभागृहात उभे राहिले. काही आरोप खरे नाहीत, काही प्रसंग मला फार निराळे आठवतात, असे सांगून त्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. 2 जानेवारी 2018 रोजी राजीनामा अमलात आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी टिना स्मिथ यांनी शपथ घेतली. त्यांना नेमणारे गव्हर्नर त्याच पक्षाचे होते, म्हणून पक्षाची जागा काही गेली नाही. स्वस्तातला यज्ञ, दुसरे काय!

घाई का झाली, हेही समजून घेतले पाहिजे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एका बड्या चित्रपटनिर्मात्याची कृत्ये उजेडात आली होती, आणि वर्षानुवर्षे तोंड दाबून बसलेल्या हजारो स्त्रिया बोलू लागल्या होत्या. 'तपास होऊ द्या, धीर धरा,' हे शब्द त्यांनी इतक्यांदा ऐकले होते, की त्यांचा अर्थ 'गप्प बसा' असाच होऊन बसला होता. ज्यांनी राजीनामा मागितला त्यांच्यात केवळ भित्रे व मतलबी लोक होते, असे म्हणणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. शिवाय ही नीतिसमिती तरी कोणाची? सहा सभासदांची, दोन्ही पक्षांचे तीन-तीन, सगळे आरोपीचे रोजचे सोबती. पूर्वी ऑरेगॉनचे सेनेटर बॉब पॅकवुड यांच्यावर असेच आरोप 1992 च्या नोव्हेंबरात छापून आले. त्यांना काढून टाकावे असे समितीने एकमताने सांगितले ते 1995 च्या सप्टेंबरात. जवळजवळ तीन वर्षे! तक्रार करणाऱ्या बाईने तोवर काय करावे?

पण त्याच पॅकवुड प्रकरणाकडे दुसऱ्या अंगाने पाहा. उशीर झाला खरा, पण साक्षी झाल्या, कागद तपासले गेले, आणि त्या स्त्रियांचे म्हणणे अधिकृतपणे नोंदले गेले. समितीचा निर्णय आला आणि दुसऱ्याच दिवशी पॅकवुड यांनी राजीनामा जाहीर केला. आधी निवाडा आणि मग राजीनामा, असा तो क्रम होता. फ्रँकेन प्रकरणात क्रमच उलटला, आणि निवाडा मुळात झालाच नाही.

येथे आम्हांस स्यमंतक मण्याची कथा आठवते. गणेशचतुर्थीला चंद्र दिसला की ती वाचायची, एवढ्यापुरतीच ती आता बऱ्याच घरांतून उरली आहे. सत्राजिताचा मणी गळ्यात घालून प्रसेन शिकारीला गेला तो परतला नाही, आणि मण्यासाठी कृष्णानेच त्याला मारले अशी कुजबुज द्वारकेत सुरू झाली. आता देवाला काय कमी होते? 'तुमचा विश्वास नाही ना? मग हा मी निघालो,' असे म्हणून तो द्वारका सोडून जाऊ शकला असता. भाबड्यांनी त्यालाही त्याग म्हटले असते. त्याने तसे केले नाही. 'मी देव आहे, मला कोण विचारणार' असेही म्हटले नाही. तो नगरातली माणसे बरोबर घेऊन रानात गेला. प्रसेनाचे प्रेत दाखविले, सिंहाचा माग दाखविला, आणि मग जांबवंताच्या गुहेत शिरला. बाहेर लोक बारा दिवस थांबले आणि कंटाळून परतले. आत अठ्ठावीस दिवस झुंज चालली. मणी घेऊन आल्यावर त्याने तो राजासमोर, भरसभेत सत्राजिताच्या हवाली केला आणि कसा मिळाला ते सांगितले.

यात एक अडचण आहे, ती लपवीत नाही. आरोपीनेच तपास करावा, हे देवाला शोभले. माणसाला ते करू देऊ नये. पण कथेतले बरोबर नेलेले नगरजन विसरू नका. आणि आणखी एक. कृष्ण जर नुसताच निघून गेला असता, तर सत्राजिताला आपल्या भावाचे काय झाले हे कधीच कळले नसते. मणी गेला तो त्याचा. भाऊ गेला तोही त्याचाच. सत्य समजण्याची गरज आरोपीइतकीच, किंबहुना अधिक, फिर्यादीला होती.

म्हणूनच आम्ही म्हणतो की घाईच्या राजीनाम्याने त्या आठ स्त्रियांवरही अन्याय झाला. आठजणींच्या तक्रारी सारख्या नव्हत्या. कोठे छायाचित्र काढताना हात नको तेथे गेला असे होते, कोठे बळेच चुंबनाचा प्रयत्न केल्याचे होते. त्यांतली कोणती खरी, कोणती गैरसमजाची, कोणती अधिक गंभीर, हे निवडून सांगणारे कोणी भेटलेच नाही. सगळ्यांचा एकच गठ्ठा बांधून तो एका माणसाच्या पाठीवर ठेवला आणि त्याला दाराबाहेर काढले. आज त्यांच्यातल्या कोणाला 'तुझे खरे ठरले का?' असे विचारले, तर ती कोणता कागद दाखवील?

फडाच्या किंवा देवस्थानाच्या हिशेबात खोट आहे असे कोणी म्हणताच, 'घ्या तुमच्या किल्ल्या!' म्हणून किल्ल्या फेकून जाणारा कारभारी आपण पाहिलेला असतो. किल्ल्या जरूर ठेवाव्यात. चौकशी चालू असता पेटी त्याच्या हाती नसावी हेच बरे. पण वह्या उघडेपर्यंत त्याने उठू नये, आणि आपण त्याला उठू देऊ नये.

पद सोडूनही प्रकरण तडीस जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्या देशात आहे. त्या पक्षाशी किंवा त्याच्या विरोधकांशी आम्हांस काही कर्तव्य नाही. जैन हवाला प्रकरणात 16 जानेवारी 1996 रोजी लालकृष्ण अडवाणी यांचे नाव आले. त्याच दिवशी त्यांनी लोकसभेचा राजीनामा जाहीर केला, आणि निर्दोष ठरेपर्यंत निवडणूक लढविणार नाही असे सांगितले. त्या वर्षीची निवडणूक त्यांनी खरोखरच लढविली नाही. परंतु त्यांच्या जाण्याने खटला थांबला नाही. एप्रिल 1997 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोप रद्द केले, मार्च 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. डायरीतल्या तुटक नोंदी हा पुरेसा पुरावा नव्हे, असा तो निर्णय. तो कोणास पटो वा न पटो, वाचायला काहीतरी आहे. सेनेटच्या नीतिसमितीची गोष्ट निराळी. सभासद गेला की तिचा अधिकारही गेला.

2019 च्या जुलैत एका अमेरिकन नियतकालिकाने हे प्रकरण पुन्हा खणून काढले. कोणीतरी दीड वर्षापूर्वी करायला हवे होते ते काम एका लेखिकेने एकटीने केले. काही तपशील पहिल्या तक्रारीशी जुळेनात. छायाचित्र मात्र होते तेथेच होते. राजीनामा मागणाऱ्यांपैकी सात आजी-माजी सेनेटरांनी तिला सांगितले की आमचे चुकले. मागणीत अग्रभागी असलेल्या कर्स्टन जिलिब्रँड आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. आपण राजीनामा द्यायला नको होता, असे फ्रँकेनही म्हणाले. पण तोवर ते सभासद नव्हते, आणि जो सभासद नाही त्याची चौकशी त्या समितीला करता येत नव्हती.