पाचवं कारण

ग्राइंडरचा गार्ड काढून काम करणाऱ्याला टोकलं की दोनपैकी एक उत्तर येतं. "काय होत न्हाय मालक, हात बसलाय माझा." नाहीतर, "व्हायचं असंल ते होतंयच की. नशिबात असंल तर माणूस घरात बसूनबी मरतंय." लोणंद, शिरवळ, फलटण, कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जा, ही दोन वाक्यं कानावर येतील, आणि बऱ्याचदा एकाच माणसाच्या तोंडून. पहिलं सकाळी हाताला जोर असताना, दुसरं संध्याकाळी थकल्यावर. लोक पहिल्याला घमेंड म्हणतात आणि दुसऱ्याला श्रद्धा. मला ही दोन्ही उत्तरं सख्खी भावंडं वाटतात.

माझी शेड लोणंदची. कांदाचाळींचे सांगाडे, दूध संकलन केंद्रांच्या एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, आणि गाळप संपलं की साखर कारखान्यांची ऑफ सिझनची दुरुस्ती, असं आमचं काम. गळ्यात माळ आहे, घरात वारी आहे. नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घालून माउलींची पालखी पुणे जिल्ह्यातून आमच्या साताऱ्यात येते ती मुक्कामाला लोणंदलाच, त्यामुळे आमच्या गावात देव हा दुरून ऐकायचा विषय नाही. रस्ता अडतो, शेड बंद ठेवावी लागते, इतका तो जवळचा आहे. म्हणून नशिबाची ढाल पुढे करणाऱ्या पोराला मी नुसतं 'अडाणी आहेस' म्हणून सोडू शकत नाही. तो ज्या परंपरेच्या नावानं बोलतो ती माझीही आहे, आणि त्या परंपरेत खरंच तसं सांगितलंय का, हे बघणं मला भाग आहे.

सांगितलेलं नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं म्हटलंय: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण असतं, तेव्हा हा अध्याय शेवटी येतो, सगळ्यात लांब असतो, आणि तोवर निम्मा मंडप प्रसादाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो. त्यामुळे हा भाग लोकांच्या कानावरून जातो, कानात जात नाही. दैव त्यात आहे, पण पाचवं आहे. आधीची चार ओलांडून थेट पाचव्याला जाऊन भिडायचं, ही आपण शोधून काढलेली पळवाट.

शास्त्राप्रमाणे अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता म्हणजे जीव, करण म्हणजे इंद्रियं, चेष्टा म्हणजे प्राणांची हालचाल. मी यातल्या करणात हातातलं हत्यारही धरतो. बुवा लोकांना ते पटणार नाही, पण ज्यानं आठ तास ग्राइंडर धरलाय त्याला विचारा, संध्याकाळी मशीन खाली ठेवल्यावरही मनगटात ती घरघर राहते की नाही. हत्यार इतकं अंगात शिरत असेल तर त्याला इंद्रियांच्या रांगेत बसवायला मला संकोच वाटत नाही.

आणि आमच्या धंद्यात सगळं घोडं या करणापाशीच अडतं. डाय ग्राइंडर घ्या. सरळ, लांबट मशीन. पुढे सहा एमएमचा कोलेट, त्यात दांडीचा स्टोन पकडायचा. डायच्या पोटातली बाजू, पाइपच्या आतला वेल्ड, जिथे चार इंची ग्राइंडर शिरत नाही तिथे हे शिरतं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो, डाय ग्राइंडर 25,000 च्या आसपास. आता चार इंची कटिंग व्हीलवर काय छापलेलं असतं बघा: 15,300 आरपीएम, 80 मीटर प्रति सेकंद. म्हणजे कडेचा वेग ताशी 288 किलोमीटर, त्यापुढे या चाकाची हमी नाही. पण बाजारात मँड्रेल मिळतं, ते लावलं की हेच व्हील डाय ग्राइंडरला बसतं. बसतं म्हणून बसवतात. 25,000 वर त्याची कड सेकंदाला 130 मीटर धावते, ताशी 470 किलोमीटर. वेग दीडपटीहून थोडाच वाढला असं वाटेल, पण चाकाला फाडणारा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे तो अडीचपटीच्या वर गेला. राळेत बसवलेले दाणे आणि आतली काचधाग्याची जाळी, एवढ्यावर ते सगळं तोललेलं. त्यात डाय ग्राइंडरला बहुधा गार्डच नसतो, कारण ते मशीन मुळात छोट्या स्टोनसाठी आहे. असं व्हील फुटलं तर त्याला नशीब कसं म्हणायचं? तो गुणाकार आहे. तीन इंची व्हीलही 25,000 ला मर्यादेबाहेर जातं. दोन इंची चालतं, तेही त्यावरचा आकडा मशीनच्या आकड्याहून मोठा असेल तर.

स्टोनचंही तसंच. दांडी कोलेटच्या बाहेर जितकी जास्त काढाल तितका वेग उतरवावा लागतो, नाहीतर दांडी वाकते आणि स्टोन सुटतो. पाइपमध्ये आणखी एक इंच आत पोचायचं म्हणून दांडी बाहेर ओढणारे हात मी पाहिलेत. ती एक इंच हाव असते, आणि तिचं खापर फुटतं ते प्रारब्धाच्या डोक्यावर.

गंमत अशी की आकडा वाचायचा नाही याचीही धार्मिक सोय आपण करून ठेवली आहे. खंडेनवमीला हत्यारं पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ. मला तो दिवस फार आवडतो. वर्षात एकदा तरी प्रत्येक मशीनवर नीट हात फिरतो. पण टिळा लावणाऱ्याचं बोट जातं नेमकं चाकाच्या लेबलावर, आणि आरपीएमचा आकडा कुंकवाखाली. नारळाचं पाणी चाकांवर शिंपडतात, तेही मी बंद केलं. राळेला ओल सोसत नाही. चांगल्या कंपनीच्या चाकाच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदत छापलेली असते, बनल्यापासून साधारण तीन वर्षांची, कारण राळ म्हातारी होते. आता आमच्याकडे पाटावर ग्राइंडर बसतो, चाकं कपाटात कोरडी राहतात. 1948 च्या कारखाने अधिनियमात, कलम 30 मध्ये, प्रत्येक ग्राइंडिंग मशीनजवळ चाकाच्या कडेचा जास्तीत जास्त सुरक्षित वेग लिहिलेली पाटी हवी असं होतं. चार-सहा माणसांच्या शेडी त्या कायद्यात बसायच्याच नाहीत. बहुतेक शेडमध्ये त्या जागी देवाचा फोटो दिसतो. आमच्याकडे विठोबा आहे, आणि त्याच्या खाली खडूनं आकडे आहेत. विठोबाची काही तक्रार आलेली नाही.

एसएसच्या कामात तर आम्ही सरळसरळ सोवळं पाळतो. एमएसवर, म्हणजे साध्या लोखंडावर चाललेलं व्हील एसएसला लावायचं नाही. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि दुधाच्या टाकीवर महिनाभरात गंजाचे ठिपके उठतात. म्हणून एसएसची चाकं वेगळ्या डब्यात, लेबलावर लोह, गंधक आणि क्लोरीन नसल्याची खूण बघून घेतलेली. आजीच्या सोवळ्याचं कारण विचारलं तर ती रागवायची. या सोवळ्याचं कारण कुणीही विचारावं.

माळेचाही प्रश्न येतो. फिरत्या कोलेटवर वाकलेल्या माणसाच्या गळ्यात लोंबती तुळशीची माळ म्हणजे फासच. माळ काढ म्हणणं मला जमणार नाही, कुणा माळकऱ्याला जमणार नाही. ती आत, सदऱ्याची वरची गुंडी लावून, वरून चामड्याचा एप्रन. मनगटातले गंडेदोरे दंडावर. एकानं विचारलं, दंडावर बांधला तर पावतो का? मी म्हटलं, मनगट राहिलं तर कुठंही पावंल.

आता पाचवं कारण. नशीब म्हणजे कपाळावर ओढलेली रेघ, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ज्ञानेश्वरीत या जागी काय आहे ते वाचल्यावर मी थबकलो. तिथे रेघ नाही. तिथे इंद्रियांच्या पाठीशी उभ्या असलेल्या देवता आहेत. डोळ्यामागे सूर्य, तसे इतर इंद्रियांमागे इतर. म्हणजे गॉगल न लावता ठिणगीसमोर बसणारा माणूस ज्याच्या भरवशावर बसतो म्हणतो, त्याच्याच घरावर निखारे फेकत असतो. तापलेला लोखंडी कण बुबुळात रुतला की भोवती गंजाचं कडं धरतो; ते रुमालाच्या टोकानं निघत नाही, डोळ्याच्या डॉक्टरकडेच जावं लागतं. रुमालवाले तज्ज्ञ मात्र प्रत्येक शेडमध्ये एक तरी असतात.

तरी काही उरतंच, हे मला लपवायचं नाही. आकडा बघितला, मुदत बघितली, चाक हातात फिरवून कड बघितली, बसवल्यावर अर्धा मिनिट मोकळं फिरवलं. बेंच ग्राइंडरच्या जाड स्टोनला लाकडी मुठीनं टिचकी मारून नाद ऐकता येतो. खणखणीत वाजला तर बरा, बद्द वाजला तर फेकायचा. पातळ राळेच्या चाकाला तो नादही नसतो. वाहतुकीत पेटी आपटली आणि आत कुठे बारीक भेग गेली असेल तर ती मला दिसत नाही, कुणालाच दिसत नाही. या उरलेल्याला दैव म्हणा, माझी हरकत नाही. आणि गार्ड त्याच्यासाठी आहे. माझ्या हातात सगळं नाही, हे ज्याला मनापासून पटलंय तोच गार्ड लावतो. गार्ड काढणारा काय म्हणतो? सगळं माझ्या हातात आहे, हात बसलाय. पाच कारणं सांगून झाल्यावर लगेच गीतेत म्हटलंय की एवढं असूनही जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला दिसतच नाही. आणि नशीबवाला? तो पाचातलं एकटं शेवटचं धरतो. दोघांनीही पाचाचं एक केलं, म्हणून मी त्यांना भावंडं म्हणतो.

हे मी एकदा एका कीर्तनकार बुवांपुढे मांडलं. त्यांच्या दिंडीच्या टँकरचा ब्रॅकेट तुटला होता, पालखी गावात, रस्त्याला पाऊल ठेवायला जागा नाही, आणि टँकर कसाबसा शेडमध्ये घातलेला. वारीतल्या कामाचे आम्ही पैसे घेत नाही. पोरगा जुना बोल्ट कापायला बसला तर दिंडीतली माणसं गोल करून उभी, अगदी चाकाच्या रेषेत. मी सगळ्यांना बाजूला घेतलं. एक म्हातारे म्हणाले, "माउली हायती की." मी म्हटलं, "हायती, म्हणूनच जरा इकडं सरका, बाबा." ते हसले आणि सरकले. काम होईस्तोवर बुवांशी बोलणं निघालं. त्यांनी मला बरोबर पकडलं. म्हणाले, तिथे सांगायचंय ते आत्म्याचं अकर्तेपण, तुमच्या ग्राइंडरचं नव्हे. आणि पुढे तर म्हटलंय की ज्याला 'मी करतो' हा भावच नाही, त्याच्या हातून हत्या झाली तरी तो मारणारा ठरत नाही.

अकर्तेपणाचं मी मान्य केलं. दुसरं मात्र मला शेडमध्ये आत येऊ द्यायचं नाही. कारण चाक फुटतं ते फिरण्याच्या पातळीत, आणि त्या पातळीत बहुतेक वेळा चालवणारा नसतो. त्यानं अंग बाजूला घेतलेलं असतं, सवयीनं. समोर असतो हेल्पर, पट्टी धरून वाकलेला, नव्यानं लागलेला, आरपीएम म्हणजे काय हे कुणी न सांगितलेला. चाक दुसऱ्यानं निवडलं, गार्ड दुसऱ्यानं काढला, चेष्टा दुसऱ्याची, आणि तुकडा याच्या गालात. त्याचं प्रारब्ध म्हणून यालाच लागला, हे वाक्य जखमी पोराच्या आईसमोर म्हणून दाखवावं आणि मग सिद्धान्त म्हणून मांडावं. ज्याला अहंकार उरलेला नाही त्याच्याबद्दलचं ते वचन खऱ्याखुऱ्या ज्ञान्याला लागू असेल. फोरमनला लागू नाही. बुवा यावर गप्प राहिले. पटलं म्हणून की टँकर तयार झाला म्हणून, ते मला कळलं नाही.

एकाच्या कर्माच्या पाच कारणांमध्ये दुसऱ्याचा देह कुठे धरायचा, हे मला त्या अध्यायात सापडलेलं नाही. तोवर शेडपुरता मी एक नियम केलाय. तोंडावरची पारदर्शक ढाल कमी पडत असेल तर पहिली हेल्परला, मग चालवणाऱ्याला. जुने कारागीर यावर कुरकुरतात. मान त्यांचा मोठा, हे खरंच आहे. चहा पहिला त्यांनाच देतो.