न विचारलेले भाकीत

लग्न ठरविताना पत्रिकेतला मंगळ पाहावा की नाही, यावर आपल्या घरांतून अजूनही वाद झडतात. पाहू नये म्हणणारांचा मुख्य युक्तिवाद असा की, जे टाळता येत नाही ते आधी कळून मनुष्य फक्त दुःखी होतो. हाच युक्तिवाद आता वैद्यकाच्या दारात येऊन उभा आहे; तेथे मात्र तो इतका सरळ राहत नाही.

हृदयातून महाधमनीत रक्त सोडणाऱ्या झडपेला सामान्यतः तीन पाकळ्या असतात. शंभरांतील एखाद-दुसऱ्या व्यक्तीला त्या जन्मतःच दोन असतात. अशी माणसे वर्षानुवर्षे धडधाकट वावरतात; पुढे त्यांतील अनेकांची झडप कॅल्शियमचे थर साचून ताठर होते, तर काहींची महाधमनी फुगते. २०१९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एम.आर.आय.च्या हलत्या चित्रांतून ही द्विदल झडप ओळखावयास संगणकाला शिकविले. चित्रे होती ‘यूके बायोबँक’ची. २००६ ते २०१० या काळात ब्रिटनमधील सुमारे ५ लाख स्वयंसेवकांनी आपल्या प्रकृतीची माहिती या संस्थेच्या स्वाधीन केली, आणि पुढे त्यांतील अनेकांच्या हृदयाची चित्रे घेण्यात आली. संगणकाने ज्यांची झडप द्विदल ठरविली, त्यांच्या वैद्यकीय नोंदी ताडून पाहता हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका इतरांच्या १.८ पट आढळला.

आता, संशोधनाचे निष्कर्ष व्यक्तिशः कळविले जाणार नाहीत, हे या स्वयंसेवकांनी आधीच मान्य केलेले असते. (चित्र घेतानाच तंत्रज्ञाच्या नजरेस काही गंभीर पडले, तर तेवढे कळवितात.) करार म्हणून यात वावगे काही नाही. संगणक चुकतोही, आणि निरोगी माणसाची झोप उडविण्याचा अधिकार कोणालाच नसावा. शिवाय, झडप ताठर होणे थांबविणारे औषध नाही. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या गोळ्यांवर जी आशा होती, ती २००८ च्या एका मोठ्या चाचणीने फोल ठरविली. मग सांगून काय साधणार?

जेथे उपाय हाताशी आहे तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही. युगांडात शाळकरी वयाच्या मुलांची इकोद्वारे तपासणी करून सांधेज्वराने झडपेला नुकती इजा झालेली ८१८ मुले निवडण्यात आली. निम्म्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले. २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : दोन वर्षांत इंजेक्शन न मिळालेल्यांपैकी शेकडा ८ मुलांची झडप अधिक बिघडली, मिळालेल्यांपैकी शेकडा एकाचीही नाही. येथे गप्प बसणे हा सरळ अपराध ठरेल.

द्विदल झडपेचे तसे नाही, आणि म्हणूनच ती अधिक छळते. औषध नसले तरी वेळोवेळी इको करून शस्त्रक्रियेची योग्य घटका गाठता येते. दम लागू लागल्यावर, चक्कर येऊ लागल्यावर जो दुर्लक्ष करतो, त्याच्या हाती बहुधा दोन-चार वर्षेच उरतात. पण मला त्याहून अडचणीची वाटते ती दुसरी बाब. हा दोष घराण्यात उतरू शकतो. अशा रुग्णाच्या आईवडिलांची, भावंडांची, मुलांची तपासणी करावी असे तज्ज्ञ सुचवितात. दहांतील साधारण एकात तो सापडतो. ‘मला कळवू नका’ म्हणण्याचा हक्क मी मान्य करतो, परंतु धाकट्या भावाच्या वतीने तसे म्हणण्याचा हक्क थोरल्याला कोणी दिला? त्या भावाने तर कोणत्याही कागदावर सही केलेली नाही.

कळवायचे ठरले तरी कळवायचे कोणाला, हाही प्रश्न आहेच. पिढ्यान्‌पिढ्या देशावरून दूर राहिलेल्या आपल्या घरांनी वंशावळी निष्ठेने जपल्या, पण त्यांत बहुधा लेकींची नावे नाहीत. झडपेचा दोष मात्र लेकीकडूनही पुढे जातो. इंदूरची आत्या बडोद्याला नांदावयास गेली. तिचा नातू आज कोणत्या गावी आहे, हे त्या वंशावळीत सापडत नाही.