मुहूर्ताचं सिझर, भीतीचं सिझर

काशीतल्या अहिल्याबाई घाटाला लागूनच शीतला घाट आणि त्यापलीकडे दशाश्वमेध. छत्र्यांखाली बसलेल्या पंड्यांसमोर महाराष्ट्रातून आलेली कुटुंबं इथं सर्रास दिसतात. हे गाव पंचांगाचं. हृषीकेश पंचांग इथून निघतं, आणि बनारस हिंदू विद्यापीठसुद्धा स्वतःचं विश्वपंचांग काढतं. पूर्वी बाळ जन्मलं की वेळ लिहून ठेवायची आणि त्यावरून पत्रिका मांडायची. आता शस्त्रक्रियेमुळे वेळ आधी ठरवून बाळ तिच्यात बसवता येतं.

२२ जानेवारी २०२४ ला अयोध्येच्या राममंदिरात प्राणप्रतिष्ठा होती. त्याआधी कानपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बारा-चौदा गर्भवतींच्या घरून लेखी विनंत्या आल्याची बातमी होती: आमचं सिझर त्याच दिवशी करा. बातमी कौतुकाने छापली गेली. ‘वैद्यकीय कारण काय?’ हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही. तो सोहळा उत्तर प्रदेशातला म्हणून आपण नाक मुरडायचं कारण नाही. मुहूर्त काढून सिझर करवणारी घरं पुण्या-मुंबईत काही कमी नाहीत.

आता मुहूर्ताचं सिझर करून देणाऱ्या अशाच एखाद्या डॉक्टरांसमोर एक बाई येते. तब्येत उत्तम आहे, बाळाचं डोकं खाली आहे, सोनोग्राफीत काही वावगं नाही. डॉक्टर म्हणतात, नॉर्मल होईल. ती म्हणते, मला नॉर्मल नको, कळांची भीती वाटते, आधीच तारीख ठरवून सिझर करा. खोलीतली हवाच बदलते. सासू म्हणते, आम्ही नाही का झालो बाळंत? नवरा ओशाळतो. डॉक्टर हसून म्हणतात, सगळ्याच बायकांना भीती वाटते. ग्रहांचं कारण सांगितलं असतं, तर निदान वहीत टिपून तरी घेतलं असतं!

माझा आक्षेप या विषमतेला आहे. जिच्या पोटावर सुरी चालायची, तिचं कारण आपल्याकडे सर्वांत हलकं धरलं जातं. कुटुंबाचं आणि पंचांगाचं कारण चालतं. डॉक्टरांच्या सुट्टीचं कारण तर कुणी न बोलताच चालून जातं.

नॉर्मलचा सल्ला देणारे डॉक्टर बहुतेक वेळा वैद्यकशास्त्राला धरूनच बोलत असतात. सिझर ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, उशिरा भरणारी जखम हे धोके तिच्यात असतात. पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणावर रुजण्याचा धोका प्रत्येक सिझरनंतर वाढतो आणि त्यातून होणारा रक्तस्राव जीवघेणा ठरू शकतो. ३९ आठवड्यांआधी उगाच बाळ काढलं, तर त्याला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त. मुहूर्ताच्या हट्टात नेमका हाच आठवडा पाहिला जात नाही.

पण या सल्ल्यात एक तुलना बहुधा चुकते. सुरळीत पार पडलेली नॉर्मल प्रसूती आणि सिझर यांना शेजारी ठेवलं की नॉर्मलच जिंकणार. मात्र बाईने निवडायचं असतं ते नॉर्मलचा प्रयत्न आणि ठरवून केलेलं सिझर यांतून. प्रयत्नाच्या शेवटी चिमटा लावावा लागेल, खोलवर फाटेल, किंवा बारा तास कळा देऊन रात्री घाईने पोट उघडावं लागेल, हेही त्या पारड्यात टाकावं लागतं. घाईचं सिझर ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त धोक्याचं असतं. ही बाजू पुढे ठेवूनही पुष्कळ बायका नॉर्मलच निवडतील, पण निदान माहिती घेऊन निवडतील.

डॉक्टरांच्या डोक्यावर आणखी एक टांगती तलवार असते, संशयाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. हाडामांसाच्या त्याच बायका, दारावरची पाटी तेवढी वेगळी. या आकड्यांमागे पैसा आहे, सोय आहे, खटल्याची भीतीही आहे. मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी २०१७ मध्ये रुग्णालयांनी सिझरचं प्रमाण जाहीर करावं म्हणून याचिका सुरू केली, तेव्हा लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. तो राग खरा होता आणि हवाच होता. फक्त भिंतीवर लावलेल्या टक्केवारीतून कोणतं सिझर लादलेलं आणि कोणतं मागितलेलं हे कळत नाही. टक्केवारी खाली आणण्याच्या नादात, विचारपूर्वक मागणारी बाईच आधी परत पाठवली जाते. तिला नकार देणं सगळ्यांत सोपं.

इंग्लंडने हे भोगलं आहे. श्रुजबरी आणि टेलफर्ड इथल्या प्रसूतिगृहांवरचा डोना ऑकेंडेन यांचा अहवाल मार्च २०२२ मध्ये आला. सिझरचं प्रमाण कमी असल्याचा तिथं अभिमान बाळगला जात होता, आणि वेळेवर सिझर न केल्याने बाळं आणि आया दगावल्या होत्या. त्याच वर्षी तिथल्या आरोग्यसेवेने सिझरची एकूण टक्केवारी ही कामगिरी मोजण्याची पट्टी म्हणून वापरणं बंद केलं. मागणीवरच्या सिझरबद्दल तिथली मार्गदर्शक तत्त्वं २०११ पासून स्पष्ट आहेत: कारण विचारा, धोके सांगा, भीती असेल तर तज्ज्ञाकडे पाठवा, आणि तरीही बाई ठाम असेल तर सिझर द्या. एखाद्या डॉक्टरला ते करायचं नसेल, तर त्याने दुसऱ्याकडे पाठवावं.

कायद्याचं म्हणाल, तर मला दोन खटले सोबत वाचावेसे वाटतात. स्कॉटलंडच्या नादिन माँटगोमेरी यांना मधुमेह होता, चण लहान होती. बाळाचा खांदा अडकण्याचा धोका नऊ-दहा टक्के होता, पण डॉक्टरांनी तो सांगितला नाही. कारण सांगितला तर बायका सिझर मागतील! १९९९ मध्ये खांदा अडकलाच आणि मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की काय सांगायचं हे त्या रुग्णाला काय महत्त्वाचं वाटेल यावरून ठरवायला हवं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली खटला २००८ चा. तपासणीसाठी भूल दिलेली असताना, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय काढण्यात आलं होतं. सज्ञान बाईच्या वतीने आईची संमती चालणार नाही, असं न्यायालयाने ठणकावलं. किती माहिती द्यायची ते मात्र वैद्यकीय व्यवसायातल्या रूढ पद्धतीवर सोडलं. म्हणजे बाईला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार आपण स्पष्टपणे दिला, आणि ‘हवं’ म्हणण्याआधी लागणाऱ्या माहितीच्या बाबतीत हात आखडता घेतला.

मागितलं की लगेच द्यावं, असं मी म्हणत नाही. भीतीच्या आत काय आहे ते आधी पाहावं लागतं. बाळंतपणाची टोकाची भीती हा ओळखता येणारा आजार आहे. मानसोपचारावरच्या शोधनिबंधांत २००० सालापासून तिला स्वतंत्र नावही आहे. कधी आत जुना अत्याचार असतो, कधी बहिणीचं अडलेलं बाळंतपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आणि पुष्कळदा भीती कळांची नसतेच, ती प्रसूतिकक्षाची असते. एकाच खोलीत चार खाटा, पडदा नाही, जवळ आपलं माणूस नाही, ओरडलं तर मावशीची शिवी. सरकारी रुग्णालयांत सोबतीला एक बाई असू द्यावी, असं केंद्राने २०१६ मध्ये सांगितलं. प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम २०१७ च्या डिसेंबरात आला. कागदावर सगळं आहे. पण पाठीच्या कण्यातून वेदनाशामक देणारा भूलतज्ज्ञ रात्री दोन वाजता हजर असेल, याची हमी काशीतही मिळत नाही नि सोलापुरातही. ती हमी नसताना ‘कळा सोसायलाच हव्यात’ म्हणणं हा वैद्यकीय सल्ला राहत नाही. तिथं फक्त सोसण्याचं कौतुक उरतं, आणि ते करायला न सोसणारेच पुढे असतात.

काशीच्या घाटासमोरून आता एक नौका जाते, तिच्या पलीकडे पूर्वेला गाजीपूर, चंदौलीचे जिल्हे. तिथल्या ज्या बाईला अजून दोन मुलं व्हायची आहेत आणि जिच्या गावाजवळ रक्तपेढी नाही, तिला पहिल्याच खेपेला सिझर देताना मी डॉक्टर असते तर हात आवरला असता. पुण्यात एकच मूल हवं असलेल्या अडतीस वर्षांच्या बाईशी वेगळं बोलले असते. दोघींना एकच टक्केवारी ऐकवून उपयोग नाही.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा आणि पर्यायी उपचार निवडण्याचा हक्क आहे. बाईने आठव्या महिन्यापर्यंत न थांबता विसाव्या-चोविसाव्या आठवड्यातच विषय काढावा, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला वेळ उरतो. आणि डॉक्टरांनी त्या एका भेटीत सासूला, आईला, नवऱ्यालासुद्धा दहा मिनिटं बाहेरच्या बाकावर बसवावं, दार लावून घ्यावं आणि विचारावं: हे तुला हवंय, की घरच्यांना?